फेअर केलेलं पान

१२ जानेवारी

वॉर्डच्या दारावर पाटी आहे : ‘मुलांना थोपटू नका. गाल ओढू नका. काखेत धरून उचलू नका.’ नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर दोन मिनिटं उभी राहिले. इथल्या मुलांच्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून राहत नाही. जन्मापासूनच. सदऱ्याची शिवण घासली तरी फोड येतो, फुटतो, जखम होते. आजार फार कमी मुलांना होतो, म्हणून वॉर्डात पलंग सहाच आहेत. सहाही भरलेले.

सर म्हणजे इथले प्रमुख डॉक्टर. सगळं संशोधन त्यांचं. मुलाच्या अंगावरून मटारच्या दाण्याएवढी चांगली कातडी घ्यायची, प्रयोगशाळेत सहा आठवडे वाढवायची, तिचा पातळ पडदा तयार झाला की न भरणाऱ्या जखमेवर बसवायचा. कुणाची जखम भरली, कुणाची परत उघडली, कुणाला जंतुसंसर्ग झाला, हे सगळं फायलींत लिहायचं काम माझं. पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं कामही माझंच.

मुलाखतीत सरांनी माझा अर्ज हातात धरून विचारलं होतं, "हे अक्षर तुझं?"

मी हो म्हटलं.

"असं अक्षर असलेला माणूस खोटं लिहू शकत नाही."

घरी येऊन हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीन थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग आईला हाक मारून तिच्यासमोर तिसऱ्यांदा.

१४ जानेवारी

दोन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर. तीस वर्षं याच इस्पितळात आहेत. चष्मा कपाळावर असतो आणि शोधतात टेबलावर.

संशोधनाच्या कागदावर चूक झाली तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर शब्द, सही, तारीख. पांढरी शाई बंद. आणि पानावर मलम सांडो, चहा सांडो, पान फेअर करायचं नाही. पहिल्यांदा जे लिहिलं तेच ठेवायचं.

मी म्हटलं, "शाळेत तर बाई फेअर वहीलाच पैकीच्या पैकी द्यायच्या."

"म्हणून तर तुला बजावतेय, पोरी. फेअर करायची खोड हुशार मुलींनाच असते. ढ मुलींचं मला टेन्शन नसतं."

मला हसू आलं, कारण परवाचं या वहीचं पहिलं पान मी दोनदा लिहिलंय. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी फाडलं. आता इथेही तोच नियम. फाडायचं नाही.

१९ जानेवारी

तीन नंबरच्या पलंगावर सात वर्षांची मुलगी आहे. तिला सगळे ‘साहेब’ म्हणतात. जवळ जाणाऱ्याने आधी हात पुढे करायचे, ती वास घेते. साबणाचा वास आला तर परवानगी, नाहीतर, "परत जा. नीट धू." सरांनासुद्धा सोडत नाही.

मला विचारलं, "तू कोण?"

"मी फायली लिहिते."

"म्हणजे फाइलवाली."

झालं. दुपारपर्यंत झाडूवाल्या मावशीही म्हणायला लागल्या, "फाइलवाली, पाय वर घे."

साहेबांच्या पाठीवर दोन तळहातांएवढी जखम आहे. दोन वर्षांत भरलेली नाही. अंघोळीला दोन तास लागतात. पट्ट्या पाण्यात भिजवून सोडायच्या, नवे फोड सुईने टोचायचे, मग तुपकट जाळीची पट्टी. हे सगळं तिची आई करते. साहेब रडत नाही, मोजते. शंभर झाले की आई हात थांबवते, दोघी दम घेतात, मग परत एकपासून.

मी विचारलं, "साहेब, शंभरच्या पुढे का नाही मोजत?"

"पुढचे येत नाहीत."

२ फेब्रुवारी

आज साहेबांच्या आईला सगळं समजावून सांगितलं. मी त्यांना ताई म्हणते. पूर्वी बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या, साहेबांच्या जन्मानंतर नोकरी सोडली. "माणसाने खिशात हात घालायच्या आधी मला कळायचं, तिकीट आहे की नाही," असं म्हणतात.

मी एक शब्दही गुळगुळीत केला नाही. पडदा चिकटेलच असं नाही. हा ठरलेला इलाज नाही, शोध आहे.

"म्हणजे माझ्या पोरीवर करून बघणार."

"हो."

"सरळ बोलतेस. बाकीचे गोलगोल फिरवतात."

मग नियम सांगितला. पडदा बसवायच्या आधी जखमेचे दोन नमुने तपासतात. एकात जरी वाईट जंतू निघाले तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, कारण जंतूंवर पडदा झाकला तर ते आत वाढतात आणि रक्तात उतरतात.

ताईंनी सही करायच्या आधी पेन खाली ठेवलं. "माझी एक अट लिही."

"फॉर्ममध्ये अट लिहायला जागा नाही, ताई."

"मग डोक्यात लिही. जे काही कळेल ते आधी मला सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. डॉक्टरांच्या तोंडावरून मला काही उमगत नाही. तुझ्यावरून उमगतं."

मी कबूल केलं. घरी येताना वाटलं, शिकले ते यासाठीच.

११ फेब्रुवारी

शिवणी घासतात हे बाबांना सांगितल्यापासून ते दोन दिवस जुनी कापडं चाचपून बघत होते. आज एक फ्रॉक पुढे केला. मऊ, धुऊन-धुऊन जुन्या झालेल्या कापडाचा. बटणं नाहीत, पाठीला नुसते बंद. आणि सगळ्या शिवणी बाहेरून.

"चाळीस वर्षं शिवणी लपवण्यात गेली," बाबा म्हणाले, "आणि आता लेकीपायी चव्हाट्यावर. मी शिवलाय हे कुणाला सांगू नकोस."

साहेबांनी हाताचा वास घेतला, मग फ्रॉकचा. "उलटा आहे."

"साहेबांचा सुलटा असाच असतो."

तिने विचार केला. "मग बाकीच्यांचे उलटे आहेत."

आजच तिची कातडी वाढवायला घेतली.

५ मार्च

सरांनी खोलीत बोलावलं. संशोधन लेखरूपाने छापून येणार आहे आणि त्यात माझंही नाव असेल! चौथं. मार्चअखेर आठ मुलं पूर्ण व्हायला हवीत, सात झाली, साहेब आठवी. "एकही गळून चालणार नाही," सर म्हणाले. त्यांना या मुलांची किती कळकळ आहे! दुसरा एखादा म्हणाला असता, सात काय, आठ काय.

बाबांनी विचारलं, "चौथं म्हणजे वरून की खालून?"

आई म्हणाली, "कुठूनही असू दे. छापील तर आहे."

२५ मार्च

सकाळी प्रयोगशाळेचा निरोप आला : साहेबांचा पडदा तयार आहे. उद्या दुपारपर्यंत वापरला नाही तर टाकून द्यावा लागेल.

पहिला नमुना स्वच्छ होता. दुसऱ्याची वाट बघत होतो. ४.४० ला तपासणी विभागातून फोन आला. जंतू आहेत, भरपूर, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. फोनवरच्या बाईंनी मी कोण ते विचारून त्यांच्या रजिस्टरात लिहिलं.

मी पळत गेले. सर जिन्यात भेटले, ४.५०. सांगितलं. ते एक पायरी खाली आले.

"लेखी रिपोर्ट आलाय?"

"लेखी उद्या दुपारनंतर येईल, सर."

"मग आज तो आलेला नाही असं समज."

"पण सर, नियम..."

"सहा आठवडे वाढवलेली कातडी कचऱ्यात टाकू? त्या पोरीच्या अंगातून परत तुकडा काढू? तू सांग, तसं करतो."

मी काय सांगणार? मोठ्या सिस्टर चादरींचा गठ्ठा घेऊन खालून येत होत्या, त्यांना वाट द्यायला आम्ही बाजूला झालो. सर म्हणाले, औषध वाढवून देतो, काळजी करू नकोस. मी फाइलमध्ये लिहून ठेवलं : ‘४.५०. सरांना तोंडी कळवले.’

शांतपणे विचार केला तर सरांचंच बरोबर आहे. नियम मुलांसाठी असतात, मुलं नियमांसाठी नसतात. आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे तर उघड आहे.

२६ मार्च

शस्त्रक्रिया छान झाली. साहेबांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताचाही वास घेतला. ते बिचारे मास्कमधून हसत होते.

थिएटरच्या दाराशी ताईंनी विचारलं, "तो दुसरा रिपोर्ट आला का गं?"

"अजून नाही, ताई."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग "बरं," म्हणाल्या, आणि साहेबांना कुल्ल्यांखाली हात घालून, जशी उचलायची असते तशी उचलून आत दिली.

हे खोटं नव्हतं. लेखी खरंच आलेला नव्हता. तो आलेला नाही असं समजूनच मी बोलले. शिवाय ऐन वेळी त्या माउलीला घाबरवून काय मिळालं असतं?

सर बाहेर येऊन म्हणाले, "आठ." नुसतं एवढंच. चेहरा किती फुलला होता!

२८ मार्च

ताप. सकाळी एकशे एक, दुपारी एकशे तीन.

तापाचा वेगळा फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे : ‘अपेक्षित / अनपेक्षित’. अनपेक्षित असेल तर चोवीस तासांत एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. ही कमिटी मुलांवरच्या संशोधनावर नजर ठेवते. मी पेन धरून बसले होते. सरांनी खांद्यावरून वाकून सांगितलं, "शस्त्रक्रियेनंतर ताप अपेक्षितच असतो."

मी लिहिलं, ‘अपेक्षित’. अक्षर नेहमीसारखंच आलं.

३० मार्च

साहेब अतिदक्षता विभागात आहे. रक्तात जंतू. कोणते म्हणून विचारलं. तेच.

पट्टी उघडली तेव्हा मी तिथे होते. पडदा ओल्या वर्तमानपत्रासारखा सुटून आला. जखम आता कमरेपर्यंत आहे.

तिला शुद्ध नाही, त्यामुळे ती मोजत नाही. काचेबाहेर ताई उभ्या आहेत, ओठ हलतायत. आधी वाटलं प्रार्थना. जवळ गेले तर, "अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर." दम घेतला. "एक."

मी त्यांच्यासमोर गेलेच नाही. मागच्या मागे फिरले. काम होतं.

१ एप्रिल

बाहेरचे तपासनीस येणार आहेत. सरांनी साहेबांची फाइल मागवली. २५ तारखेच्या पानावर मलमाचं बोट उमटलंय.

"हे पान फेअर करून टाक."

"सर, फेअर करायचं नसतं ना?"

"मजकूर बदलायला सांगतोय का मी? डागाळलेलं पान स्वच्छ कर, एवढंच. वेळा तपासणी विभागाच्या रजिस्टरातून घे. तोंडी झालेल्या गोष्टी नकोत. त्यांना पुरावा नसतो, तपासनीस उगाच खोदत बसतात." मग जरा हसून, "तुझं अक्षर म्हणजे या अभ्यासाची अब्रू आहे."

केलं. चार ओळी कमी झाल्या, पान खरंच स्वच्छ दिसतं. जुनं पान सरांनी घडी करून खिशात ठेवलं. जपून ठेवतील.

सर खूप थकलेत. डोळ्यांखाली काळं झालंय.

५ एप्रिल

साहेब धोक्याबाहेर! शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून हात पुढे करायची खूण केली. वास घ्यायला. मी बाहेर जाऊन तीनदा हात धुऊन आले आणि मोरीशीच रडून घेतलं.

पण नंतर ताईंनी टेबलावर पडलेला तो तापाचा फॉर्म उचलला. ओळींवर बोट ठेवून वाचत होत्या. एका जागी बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस? अपेक्षित?"

मी सांगायला लागले, हा आमच्या कामातला शब्द आहे, म्हणजे असं होऊ शकतं हे आधीपासून...

"माझ्या मुलीला ताप यावा अशी तुमची अपेक्षा होती?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं?"

त्या कमिटीकडे तक्रार करणार आहेत. मी म्हटलं, जरूर करा. खरं बाहेर येऊ दे. सर आहेतच सांगायला.

९ एप्रिल

कमिटीसमोर गेलो. तिघं होते. एक डॉक्टर, एक वकील, आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना पाहून मला धीर आला.

सर बोलले. आवाज नेहमीसारखा मऊ. जंतू असल्याचा फोन आला होता, तो हिने घेतला, रजिस्टरात नोंद आहे. माझ्यापर्यंत निरोप पोहोचला नाही. फाइलमध्येही मला कळवल्याची नोंद नाही.

"पण माझी विनंती आहे, फार कडक काही करू नका. मुलगी गुणी आहे. घरातली पहिली शिकलेली. कामाच्या दडपणाखाली विसरली असेल." आणि त्यांनी माझ्यासाठी हात जोडले.

त्या क्षणी मला खरोखर वाटलं की मी विसरले असेन. जिना, पायरी, त्यांचा हात कठड्यावर, सगळं दिसत होतं आणि तरी वाटलं, असेलही, मीच सांगितलं नसेल.

मुख्याध्यापिकांनी फाइल माझ्यासमोर सरकवली. "हे पान तुमच्या अक्षरात आहे?"

"हो, पण हे नंतर..."

"नंतर म्हणजे?"

"मी फेअर केलं."

"कुणी सांगितलं?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे इतक्या कनवाळूपणे बघितलं की मी मान खाली घालून फाइलकडे बघायला लागले.

"आणि मूळ पान?"

ते खिशात गेलं, असं मी म्हटलं. कुणाच्या ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा वकील म्हणाले, लेखी द्या. एका आठवड्याची मुदत.

अक्षराचं काय कौतुक सांगू? त्या पानावर एक काना वाकडा नाही.

१० एप्रिल

मोठ्या सिस्टरना स्टोअरमध्ये गाठलं.

"तुम्ही जिन्यात होता. तुम्ही ऐकलंत."

"माझ्या हातात गठ्ठा होता, पोरी."

"हातात होता, कानात नव्हता."

त्या पट्ट्यांची खोकी मोजत राहिल्या. "माझी दोन वर्षं राहिलीत. सरांनी माझ्या भावाला बरं केलंय. आणखी काही विचारू नकोस."

"आणि साहेब?"

"तिच्याजवळ मी रोज आठ तास असते. तू फायलीजवळ असतेस." थांबल्या. "तुला बजावलं होतं ना मी? फेअर करू नकोस म्हणून?"

मग त्या टेबलावर चष्मा शोधायला लागल्या. कपाळावर होता. मी सांगितलं नाही.

११ एप्रिल

ही वही आज पहिल्यापासून वाचली.

हे लिहिणारी मुलगी कोण आहे, मला ओळखू येईना. सर हसले, सर थकले, सरांचा चेहरा फुलला. पानोपानी सरच. ‘एकही गळून चालणार नाही’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि पुढे उद्गारचिन्ह दिलंय. कशाला दिलं?

पण २५ मार्चचं पानही आहे. ४.५०, जिना, ‘आलेला नाही असं समज’. त्याच दिवशी लिहिलेलं, न फाडलेलं. माझ्या बाजूने बोलणारं जगात एवढं एकच पान उरलंय. आणि त्याच्या पाठीवर २६ मार्च आहे.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"पुढची बाजू झेरॉक्स कर. मागची कशाला?"

"बाबा, एकच पान आहे ते."

"झेरॉक्स एका बाजूचीच निघते. तुला कुणी पाठपोट मागितलीय?"

"पण मागे मी..."

"मागे तू काय केलंस ते तुला माहीत, मला माहीत. तिसऱ्याला कशाला? तुझं शिक्षण, तुझी नोकरी..." त्यांचा आवाज फाटला. "नाव छापून येणार होतं गं."

बाबांनी असं बोलावं? सगळ्यात जास्त लागलं ते हे, की क्षणभर मला ते पटलं.

१३ एप्रिल (नव्या वहीत)

जुनी वही माझ्याकडे नाही.

कमिटीकडे जायच्या आधी ताईंना भेटले. त्यांची अट तीच होती, आधी मला सांगायचं. एकोणीस दिवस उशीर झालाय, पण कमिटीच्या आधी तरी.

साहेब झोपली होती. पालथी, पाठीवर कमान ठेवून वरून चादर, अंगाला लागू नये म्हणून. मी वही उघडून ते पान ताईंसमोर धरलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. सावकाश. पुढची बाजू झाली तेव्हा नाकपुड्या फुलल्या. मग पान उलटलं.

मागची बाजू वाचायला त्यांना जास्त वेळ लागला. दोनदा वाचली.

"‘तो आलेला नाही असं समजूनच मी बोलले,’" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे मला जरा सांग. असं समजतात कसं? म्हणजे डोक्यात नेमकं काय करायचं?"

मी साहेबांच्या चादरीकडे बघत राहिले.

"डॉक्टरांचं सोड. त्यांना मी काही विचारलं नव्हतं. मी तुला विचारलं होतं. त्या दारात. तू नुसती मान हलवली असतीस तरी मी पोरीला उचलून घरी नेलं असतं."

"ताई, मला वाटलं, तुम्ही घाबराल..."

"‘माउली’ म्हणून लिहिलंयस मला." त्यांनी वही मिटली. "आता हे त्या लोकांना देणार?"

"हो. दोन्ही बाजू. आत्ताच जातेय."

"तू नको जाऊस. मी देईन."

"ताई, ती माझी..."

"तुझ्या हातून गेली तर वाटेत परत फेअर व्हायची."

वही त्यांनी पिशवीत टाकली, पट्ट्यांच्या खाली. पानांच्या आतलं सगळं आता ते तिघं वाचतील. बाबांचं, आईचं, चौथ्या नावाचं, मोरीशी रडलेलं. मी मागितली नाही.

लेखी जबाब मात्र मी माझा वेगळा दिला. एकटाकी. एका ठिकाणी चुकले, रेघ मारली, सही केली, पुढे लिहिलं.

२७ एप्रिल

निकाल आला. अभ्यास थांबवलाय. सरांना संशोधनाच्या कामातून दूर केलंय, इस्पितळाची चौकशी वेगळी चालेल. तपासणी विभागाच्या बाई म्हणाल्या, सर अजून सगळ्यांना सांगतात की त्यांनी मला वाचवायचा किती प्रयत्न केला. लोकांना ते पटतंही. मला कामावरून कमी केलंय, कारणात दोन गोष्टी लिहिल्यात : मूळ नोंद बदलली, आणि पालकापासून माहिती लपवली. दोन्ही खऱ्या आहेत. मोठ्या सिस्टरना कुणी काही विचारलंच नाही.

बाबा माझ्याशी बोलतात, पण मशीन चालू ठेवून.

ओळखपत्र आणि कोट परत करायला आज गेले होते. वॉर्डात जायची परवानगी नाही. दारातल्या बाकावर कोट घडी करून ठेवत होते, तेवढ्यात ताई गरम पाण्याचं भांडं घ्यायला बाहेर आल्या. मला बघून थांबल्या.

"जखम कशी आहे?" मी विचारलं.

"वरच्या कडेने जरा धरतेय. खाली नाही."

"साहेब?"

"रोज विचारते, फाइलवाली कुठे गेली म्हणून."

"काय सांगता?"

"सुट्टीवर आहे म्हणून सांगितलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं. तिला रोज कुणाच्या तरी हातात पाठ द्यावी लागते. सगळेच असले निघाले असं तिला कळलं तर ती पाठ वळवणारच नाही. मग मी पट्टी कशी बदलू?"

त्यांनी भांडं कमरेवर घेतलं, कोपराने दार ढकललं, आणि आत जाता जाता हळूच म्हणाल्या, "आता जा. सुट्टीवरचं माणूस असं दारात उभं राहत नाही."